सड्यावरून घळीत: तिथी पाहून उतरायची वाट

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करत मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की गावखडी येतं आणि तिथून राजापूर तालुक्यातल्या कशेळी, आडिवरे, वेत्ये, नाटे, आंबोळगडपर्यंत सड्यांची रांग सुरू होते. वर सपाट, उघडा, काळपट कातळ आणि त्याच्या पश्चिमेच्या काठावरून एकदम खाली समुद्र. या काठाला मधूनमधून घळी पडल्या आहेत. काहींच्या तोंडाशी मूठभर वाळू असते, काहींच्या नुसते धोंडे. कशेळीची देवघळी त्यातली सर्वांना माहीत असलेली. कनकादित्याची, म्हणजे सूर्यदेवाची, मूर्ती इथल्या घळीत सापडली अशी आख्यायिका आहे, म्हणून ती देवाची घळ. बाकीच्या बऱ्याच घळी फक्त गुराख्यांना आणि कालवं काढणाऱ्या बायकांना माहीत असतात. आम्ही या पट्ट्यात अनेक वर्षं उतरतो आहोत. उतार फार नाही, ढोबळमानाने 60-80 मीटर. आकडा ऐकून माणसं निर्धास्त होतात आणि चपला घालून येतात. पण या उताराचा दगड, त्याखालची माती आणि पायथ्याचं पाणी या तिन्ही गोष्टी समजून न घेता उतरलं तर एवढे मीटर पुरेसे पडतात.

सुरुवात पंचांगापासून करावी लागते. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार म्हणजे 3. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी साडेतीनच्या आत-बाहेर पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. चतुर्थीला ती सकाळी सव्वानऊच्या सुमारास येते. हा हिशेब अर्धा तास, कधी त्याहून जास्त इकडेतिकडे होतो, कारण तिथी दिवसाच्या कोणत्याही प्रहरी बदलते. म्हणून दिवस हिशेबाने ठरवायचा आणि वेळ मात्र रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ताडून घ्यायची. मुंबईचा तक्ता इथे लावू नये. तिथे भरती उशिरा येते आणि पाण्याची चढ-उतारही बरीच मोठी असते.

आता यातली खरी मेख. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओहोटीला पाणी खूप मागे हटतं आणि खडक लांबपर्यंत उघडे पडतात. पण तेव्हा सुकतीची वेळ पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाची. म्हणजे उतरायचं किंवा चढायचं ते अंधारात. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते. सुकती बरोबर दुपारी येते, सोयीची वाटते, पण भांगाला पाणी फारसं हटतच नाही. नाकाडाला, म्हणजे समुद्रात घुसलेल्या कड्याच्या टोकाला, वळसा घालून शेजारच्या घळीत जायचं असेल तर खडकाची कड उघडीच पडत नाही. म्हणून आम्ही तृतीया, चतुर्थी, पंचमी या तीन तिथी धरतो. उधाणाचा जोर अजून शिल्लक असतो आणि सुकती सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान मिळते. महिन्यातून दोन पक्ष, म्हणजे सहा दिवस. त्यात रविवार आला तर आला. सुट्टी पाहून तिथी ठरवता येत नाही.

सकाळच आम्ही का धरतो याला दुसरंही कारण आहे. हे कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. थंडीच्या दिवसांत सकाळी अकराच्या सुमारापर्यंत घळ सावलीत असते. दुपारनंतर ऊन थेट कड्यावर येतं, जांभा तापतो आणि संध्याकाळपर्यंत ती धग सोडत राहतो. सूर्यास्त पाहून चढू म्हणणारे तापलेल्या दगडावर हात टेकत चढतात आणि वर पोचेपर्यंत अंधार पडतो. सूर्यास्त सड्यावरून पाहावा, तो तिथूनच जास्त चांगला दिसतो.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात या वाटांचा विचारसुद्धा नको. कातळावर शेवाळाचा थर असतो, घळीतून ओढा वाहतो आणि समुद्र पायथ्यापर्यंत आदळतो. ऑक्टोबरात सडा सुंदर दिसतो, पण गवत कमरेएवढं असतं, त्याखालची भोकं दिसत नाहीत आणि कुसळं मोज्यांतून पोटरीपर्यंत घुसतात. मार्चपासून ऊन बाधतं आणि हापूसच्या बागांमध्ये राखण सुरू होते. परक्या माणसांनी बागेतून ये-जा केलेली तेव्हा कुणालाच आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

सामान कमी, पण नेमकं. माणशी 3 लिटर पाणी. डिसेंबरनंतर घळीतले पाझर आटतात आणि जे उरतं ते गुरांचं असतं. लिंबू, मीठ, साखर वेगळी. पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड पँट, कारण करवंदाच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी असतात. बुटाचा तळ मऊ रबराचा आणि खोल नक्षीचा हवा. झिजलेले, कडक तळाचे बूट कोरड्या जांभ्यावर चालून जातात, पण ओल्या खडकावर काचेवर ठेवल्यासारखे सरकतात. बागकामाचे जाड हातमोजे फार उपयोगी. जांभ्याच्या कडा चाळणीसारख्या भोकाळ आणि धारदार असतात, दहा मिनिटांत तळहात सोलून निघतात. प्रत्येक दोन माणसांत एक काठी, प्रत्येकाकडे शिट्टी आणि विजेरी. पाच-सहाजणांत एक 20 मीटरचा, 10 मिलिमीटर जाडीचा न ताणला जाणारा दोर आणि झाडाभोवती गुंडाळायला रुंद पट्टी. पाठपिशवी 6 किलोच्या वर जाऊ देऊ नये. उतरताना पिशवीच माणसाला पुढे ढकलते.

वाडीत शिरल्यावर पहिल्या घरी विचारायचं. वाट विचारायची म्हणून नव्हे, परवानगी म्हणून. सड्यापर्यंतची जमीन बहुतेक कुणाची तरी असते. "तात्या, घळीत जायचंय, तुमच्या बागेतून गेलो तर चालेल का?" एवढं विचारलं की वाट तर कळतेच, शिवाय यंदा कुठे दरड आली, कुठे मोहोळ बसलंय हेही कळतं. कालवं काढायला जाणारी एखादी मावशी भेटली तर तिला सुकती कधी आहे ते जरूर विचारावं. तिचं उत्तर तक्त्याहून खात्रीचं. त्याच घरी किती जण उतरतोय आणि किती वाजेपर्यंत वर येऊ ते सांगून ठेवायचं. खाली गेल्यावर कड्याची आड येते आणि मोबाइलला रेंज राहत नाही. गडगा चढून ओलांडायचा नाही. तो नुसता दगडावर दगड रचलेला असतो, एक निसटला की हातभर भाग कोसळतो आणि बागेत गुरं शिरतात. थोडं चालून बेडं, म्हणजे आत जायचं फाटक, शोधायचं आणि ते उघडलं असेल तसं परत लावायचं.

सड्यावर चालताना कातळात कोरलेल्या रेषा दिसल्या तर बाजूने जावं. कशेळीच्या सड्यावरचं हत्तीचं कातळशिल्प सुमारे 18 मीटर लांबीचं आहे आणि त्या हत्तीच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृती कोरल्या आहेत. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पण सगळीच शिल्पं कुंपणात नाहीत. गवत आणि मातीखाली झाकलेली अजून असतील, बुटाच्या टाचेला ती कळत नाहीत.

आता काठ. इथे थांबून दगड नीट बघावा, कारण पुढची सगळी वाट त्यावर अवलंबून आहे. सर्वांत वर जांभ्याचं कठीण झाकण असतं, दोन-चार माणसं उंचीचं. त्याच्याखाली मऊ, पांढरट-जांभळट चिकणमाती. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपत खाली जातं, मातीशी अडतं आणि आडवं वाहत कड्याच्या पोटातून बाहेर पडतं. दर पावसाळ्यात ते थोडी माती घेऊन जातं. माती आत सरकते आणि वरचं झाकण छपरासारखं अधांतरी राहतं. वरून पाहणाऱ्याला पायाखाली भक्कम कातळ दिसतो, पण खाली काहीच नसतं. काठाला समांतर जाणारी फट हीच याची खूण. ती बोटभर रुंद असते, तिच्यात वाळकी पानं आणि कुसळं भरलेली असतात, म्हणून सहज नजरेत येत नाही. काठीच्या टोकाने पानं बाजूला केली आणि काठी आत जात राहिली तर त्या फटीच्या समुद्राकडच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. पायथ्याशी जे घराएवढे धोंडे दिसतात ते असेच वरून सुटलेले आहेत.

म्हणून काठावरून थेट उतरत नाहीत. घळ जिथे सड्यात सर्वांत आत शिरली आहे, तिथल्या माथ्याशी झाकण पायऱ्या-पायऱ्यांनी मोडलेलं असतं. गुरांची वाटही तिथूनच जाते. जिथे गुरं उतरतात तिथे माणूस उतरू शकतो, आणि जिथे शेण, खुरांच्या खुणा संपतात तिथे थांबून विचार करावा. उतरायच्या आधी मागे वळून माथ्याची खूण लक्षात ठेवावी: एखादं वाकडं झाड, दोन दगडांची जोडी. खालून वर बघताना सगळ्या खिंडी सारख्याच दिसतात. चुकीच्या खिंडीतून चढणारा बरोबर त्या अधांतरी झाकणाच्या खाली येऊन अडकतो. या वाटांवरचे बहुतेक अवघड प्रसंग चढताना वाट चुकल्यामुळे होतात.

पहिला टप्पा झाकणाच्या पायऱ्यांचा. इथे तोंड कड्याकडे करून, शिडी उतरतात तसं उतरायचं. दोन हात, एक पाय किंवा दोन पाय, एक हात असे तीन आधार कायम दगडावर. हात भोकात घालण्याआधी आत बघायचं. फुरसं या जांभ्याच्या सड्यांवर भरपूर आहे. वीतभर-हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, दगडाखाली आणि फटीत बसणारं. त्याला हुसकलं की ते वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करतं. तो आवाज आला की हात तिथेच थांबवून सावकाश मागे. चावलंच तर चिरा देणं, आवळून बांधणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. हात किंवा पाय हलणार नाही असा फळीला बांधायचा, अंगठी-घड्याळ काढायचं, माणसाला चालू न देता उचलून वर न्यायचं आणि 108 ला फोन करून प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोचायचं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नये. उचलून न्यायला किमान चौघं लागतात, म्हणून आम्ही पाचापेक्षा कमी माणसं घेऊन उतरत नाही.

दोर लागला तर इथेच लागतो, एका-दोन ठिकाणी. तो जांभ्याच्या दगडाला बांधायचा नाही, दगड कितीही मोठा असला तरी. काजूच्या फांदीलाही नाही. काजू ठिसूळ, भार आला की एकदम तुटतो. मांडीएवढ्या जाडीचं, मुळं कातळात घट्ट धरलेलं जिवंत झाड शोधायचं, पट्टी बुंध्याशी अगदी जमिनीलगत गुंडाळायची आणि तिच्यात आठाची गाठ अडकवायची. बुंध्याच्या जितकं वर बांधाल तितकं झाड मुळापासून हलतं. दोर जिथे कडेवर घासतो तिथे रिकामी पिशवी किंवा टॉवेल घडी करून ठेवायचा. नाहीतर जांभ्याची धार पाच माणसं उतरेपर्यंत वरचं आवरण फाडते. हा दोर हाताला आधार म्हणून आहे. त्यावर सगळा भार टाकून लोंबकळायचं नाही.

दुसरा टप्पा मातीचा आणि तोच सर्वांत घसरडा. पाझराची ओल इथेच बाहेर येते. वरच्या कोरड्या दगडावर पाय बसल्याचा आत्मविश्वास घेऊन माणूस इथे येतो आणि पहिल्याच पावलाला बसतो. केवड्याचं बेट दिसलं की समजावं, पाणी जवळ आहे. तिथून शक्य तितक्या लांबून, उताराला आडवं होत नागमोडी उतरायचं. काठी उताराच्या बाजूला. वाळकं गवत लोळलेलं असेल तर त्याच्या पात्यांवर पाय द्यायचा नाही, ती तेलासारखी निसटतात. गवताच्या ठोंबाच्या बुडाशी टाच रोवायची. गुडघे थोडे वाकलेले, पावलं लहान. बहुतेकजण भीतीने मागे रेलतात आणि नेमके त्यामुळेच पाय पुढे सटकतो. वजन पावलांच्या वर राहिलं पाहिजे.

तिसरा टप्पा सुटे धोंडे. इथे एकामागोमाग एक चालणं घातक आहे. आम्ही एकेकाला पाठवतो. तो बाजूच्या आडोशाला पोचून शिट्टी वाजवतो, मग दुसरा. दगड सुटलाच तर कुणाचाही असो, "दगड!" म्हणून मोठ्याने ओरडायचं. खालच्याने वर बघायचं नाही, पिशवी डोक्यावर घेऊन कड्याला चिकटायचं. पाय मुरगळण्याचे प्रकारही इथलेच. मुरगळला तर बूट काढू नये. बुटावरूनच लवचीक पट्टी आठाच्या आकारात घोट्याभोवती घट्ट बांधावी. बूट काढला की सूज येते आणि तो परत चढत नाही. पाच-सहाजणांना माथ्यापासून वाळूपर्यंत पाऊण तास लागतो. त्याहून कमी वेळ लागला तर कुणीतरी घाई केली आहे.

कड्याच्या पोटाशी काळी, हातभर लांब पोळी लोंबत असतील तर ती आग्या मोहोळाची. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. त्या बाजूची वाट असेल तर त्या दिवशी परत फिरावं. याला दुसरा उपाय नाही.

वाळूवर पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही. बसायचं आणि लाटा बघायच्या. लाटा सारख्या येत नाहीत. बऱ्याच लहान लाटांनंतर तीन-चार मोठ्या येतात आणि त्या कुठवर चढतात ते बघितल्यावरच सामान ठेवायची जागा ठरते. वाळूवर कचऱ्याची, शिंपल्यांची जी शेवटची रेघ असते तिच्याही वर पिशव्या ठेवाव्यात. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून उंच लाटांचा इशारा असेल, तर आकाश कितीही निरभ्र असलं तरी उतरायचं नाही. त्या लाटा इथल्या वाऱ्याने नव्हे, दूरवरच्या वादळांनी उठलेल्या असतात.

पोहणं वर्ज्य. इथे जीवरक्षक नाही आणि घळीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंचं पाणी एकत्र येऊन मधूनच परत समुद्रात ओढलं जातं. वरून पाहिलं तर ती ओढ ओळखता येते. दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मध्ये एक गडद, शांत पट्टा दिसतो. अनोळखी माणूस तोच पट्टा सुरक्षित समजून तिथेच पाण्यात शिरतो. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये, किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत ओढीतून बाहेर पडावं आणि मग वळावं.

खडकांवर जायचं ते सुकतीच्या आधीच्या तासात आणि नंतरच्या दीड तासात. कालवांचे कवच खडकाला चिकटलेले असतात. त्यांच्या कडा पातीसारख्या असतात आणि ती जखम लवकर भरत नाही. हिरवं शेवाळ असलेल्या खडकापेक्षा कालवं असलेल्या खडकावर बूट चांगला धरतो, त्यामुळे हातमोजे घालून कालवांच्या खडकावरूनच जावं. नाकाडाला वळसा घातला असेल तर घड्याळ डोळ्यांसमोर ठेवावं. भरती सारख्या वेगाने येत नाही. सुकतीनंतर पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन हिस्से पाणी चढतं. पहिल्या तासात "अजून काहीच चढलं नाही" असं वाटतं, आणि तिसऱ्या तासात डोळ्यांदेखत कड बुडते. अडकलाच तर पाण्यात उतरून वळसा घालू नये. उंच, कोरड्या खडकावर बसून भरती ओसरू द्यावी. पुढच्या सुकतीपर्यंतचे तास मोठे वाटतात, पण ते सुरक्षित असतात. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक 1554.

गावखडी आणि वेत्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि लहान घळींच्या वाळूतही कधीकधी त्यांची माग दिसते, ट्रॅक्टरच्या चाकासारखी. माग दिसली की ती पुसायची नाही, खणायचं नाही, आग पेटवायची नाही. वर गेल्यावर गावातल्या कासवमित्राला सांगायचं.

चतुर्थीच्या सकाळचं वेळापत्रक असं बसतं: सव्वासातला माथ्यावरून सुरुवात, आठला वाळू, साडेआठ ते साडेदहा खडक, पावणेअकराला चढाई. सकाळचा, जमिनीवरून येणारा मतलई वारा तोपर्यंत पडलेला असतो आणि समुद्रावरचा खारा वारा अजून जोरात सुरू झालेला नसतो. त्या मधल्या वेळेत घळीत हवा हलत नाही, म्हणून चढताना दर दहा मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान लागो न लागो. चढताना सर्वांत हळू चालणारा पुढे, वाट माहीत असलेला त्याच्या मागे. मातीच्या टप्प्यावर हाताने गवत ओढू नये, ठोंब मुळासकट येतो.

वर आल्यावर माणसं मोजायची, ज्या घरी सांगून गेलो त्यांना परत आल्याचं कळवायचं. मोज्यांतली कुसळं आणि गुडघ्यामागे चिकटलेल्या गोचिडी तिथेच काढायच्या. दोर घरी नेऊन गोड्या पाण्यात दोनदा बुडवून सावलीत वाळवायचा. मिठाचे खडे धाग्यांत राहिले की पुढच्या वेळी दोर आतून कापला जातो, आणि ते बाहेरून दिसत नाही.